जागा चुकलेले अणू

दिवाळी आटोपली की वसमत तालुक्यात उसाच्या फडांत कोयते चालू लागतात. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतो आणि पुढचे काही महिने हवेत मळीचा वास राहतो. कुठल्याही साखर कारखान्यात गव्हाण, चरक, चिपाडाचे ढीग हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. साखर मात्र वर, पॅन फ्लोअरवर जन्माला येते. तिथे बंद पॅनमध्ये पाक साठ-सत्तर अंश सेल्सिअसला उकळत असतो. आतली हवा ओढून घेतलेली असते, म्हणून तो इतक्या कमी तापमानाला उकळतो आणि करपत नाही. पॅनच्या पोटातून पॅनमन मधूनमधून एक दांडी बाहेर ओढतो. तिला प्रूफ स्टिक म्हणतात. तिच्या खाचेत थोडासा पाक येतो. तो काचेच्या पट्टीवर पसरायचा, पट्टी दिव्यासमोर धरायची आणि बघायचं. दाणा धरला का? सगळे दाणे एका मापाचे आहेत का? त्यांच्यामध्ये धुळीसारखा बारीक खोटा दाणा तर उठला नाही? कडा धारदार आहेत की बोथट? एवढं बघून तो ठरवतो की सिरप घ्यायचं, वाफ कमी करायची, की थोडं पाणी मारून खोटा दाणा विरघळवून टाकायचा.

त्या हंगामात गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत बारावीची मुलं रसायनशास्त्राचा पहिला धडा केव्हाच मागे टाकून पुढे गेलेली असतात. महाराष्ट्र मंडळाच्या पुस्तकात हा पहिला धडा स्थायू अवस्थेचा आहे. एकक कोष्ठिका, तिचे प्रकार, मग शॉटकी दोष, फ्रेंकेल दोष, अपद्रव्यांमुळे येणारे दोष. व्याख्या पाठ करायची, आकृती काढायची, दोन-तीन मार्क घ्यायचे. केंद्रीय मंडळाच्या मुलांना तेवढंही मिळत नाही. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचं ओझं कमी करताना एनसीईआरटीने बारावीच्या रसायनशास्त्रातून हा धडाच वगळला.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. वसमतच्या मुलांना हा धडा शिकवायला फळ्याचीसुद्धा गरज नाही. साखर, काळी जमीन, कोयता, हळद आणि औंढ्याजवळ उभी राहत असलेली लायगो वेधशाळा, सगळं आसपासच्याच टप्प्यात आहे. या प्रत्येकात अणू-रेणूंची एक मांडणी आहे आणि त्या मांडणीतून सुटलेले, जागा चुकलेले काही अणू आहेत. पदार्थ कशासाठी उपयोगी पडतो हे बरेचदा तेच ठरवतात. मीठ घ्या. मिठाच्या घन सेंटिमीटरभर तुकड्यात सोडियम-क्लोरीनचे आयन साधारण एकावर बावीस शून्यं इतके असतात आणि सामान्य तापमानाला त्यांतल्या फक्त दहा लाखांच्या आसपास जोड्या आपली जागा रिकामी सोडून गेलेल्या असतात. शंभर कोटी कोटींत एखादी रिकामी जागा. मुलांना हा आकडा लिहायला लावतात, पण मग त्या एवढ्याशा गैरहजेरीने कुणाचं काय अडतं किंवा काय साधतं, हे कुणी सांगत नाही.

साखरेपासूनच सुरुवात करू. खडीसाखरेचा एखादा धड, न फुटलेला खडा उजेडात धरून फिरवा. त्याचा एक कोन काटकोनापेक्षा उघडच मोठा दिसेल. तो सुमारे १०३ अंशांचा असतो. खडा लहान असो, मोठा असो, ऊस मराठवाड्यातला असो की ब्राझीलचा, तो कोन बदलत नाही, कारण तो आतल्या मांडणीचा कोन आहे. साखरेचे रेणू दोन-दोन करून एका तिरप्या पेटीत बसतात. पेटीच्या बाजू साधारण ११, ९ आणि ८ अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. तीच पेटी तिन्ही दिशांना मांडत गेलं की दाणा होतो. चहात पडणाऱ्या मिलिमीटरभर दाण्यात असे तीन अब्ज अब्ज रेणू मावतात. १९५२ मध्ये बीव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने ही मांडणी शोधली. १९६३ मध्ये ब्राउन आणि लेव्ही यांनी न्यूट्रॉन वापरून तिच्यातल्या हायड्रोजनच्या जागाही पक्क्या केल्या.

साखरधंदा या शिस्तीवर उभा आहे. उसाच्या रसात साखरेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, रंगद्रव्यं, डिंकासारखे चिकट पदार्थ असं पुष्कळ काही असतं. चुना आणि गंधकाच्या धुराने त्यातलं काही जातं, सगळं जात नाही. दाणा वाढू लागला की त्याच्या पृष्ठावर साखरेचाच रेणू नीट बसतो. बाकीच्यांना तिथे जागा नसते, ते मळीत राहतात. काळपट पाकातून पांढरा दाणा निघतो तो असा. निवड करण्याचं हे काम माणूस करत नाही, यंत्रही करत नाही, स्फटिक करतो.

पण दाणा वाढतो तरी कसा? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भौतिकशास्त्रज्ञांना या साध्या प्रश्नाने चांगलंच छळलं. समजा, दाण्याचं पृष्ठ अगदी सपाट आहे, एकही रेणू कमी नाही, एकही जास्त नाही. नवा रेणू त्यावर येऊन टेकला तर त्याला फक्त खालून आधार मिळतो आणि तो पुन्हा पाकात निसटतो. टिकायचं तर शेजारी पायरी हवी, म्हणजे दोन-तीन बाजूंनी धरून राहता येईल. पायरी असली की रेणू एकामागून एक तिला लागतात आणि थर भरत जातो. थर पुरा भरला की पायरीच संपते, पृष्ठ पुन्हा सपाट! नवा थर सुरू करायला बऱ्याच रेणूंना एकाच वेळी एकाच जागी जमावं लागेल, आणि ते व्हायला द्रावण किंवा वाफ खूपच अतिसंपृक्त हवी. गणित सांगत होतं की अतिसंपृक्तता पन्नास टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय वाढ व्हायलाच नको. इकडे फोल्मर आणि शुल्त्से यांनी १९३१ मध्येच आयोडीनचे स्फटिक एक टक्क्याला वाढताना मोजले होते.

१९४९ मध्ये ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँक यांनी कोडं सोडवलं. स्फटिक वाढतो, कारण तो निर्दोष नसतो. आत कुठेतरी एका रेषेभोवतीचे थर एका पायरीने सरकलेले असतील, तर त्या रेषेपासून पृष्ठावर निघणारी पायरी कधीच संपत नाही. याला स्क्रू डिसलोकेशन म्हणतात. रेणू पायरीला लागत जातात आणि ती त्या रेषेभोवती फिरत, मनोऱ्यातल्या गोल जिन्यासारखी वर चढत राहते. थर संपणं नाही, नवा थर सुरू करणं नाही.

ही कल्पना डोळ्यांनी पाहण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात टोलान्स्की यांच्याकडे संशोधन करणारे अजित राम वर्मा यांनी १९५१ मध्ये कार्बोरंडमच्या स्फटिकांवरच्या सर्पिल पायऱ्यांची छायाचित्रं प्रसिद्ध केली. प्रकाशाच्या व्यतिकरणाने त्यांनी पायरीची उंचीही मोजली. ती १५ अँगस्ट्रॉम भरली, कार्बोरंडमच्या एका पेटीच्या उंचीइतकी. वर्मा पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. बारावीच्या धड्यात शॉटकी आणि फ्रेंकेल भेटतात, वर्मा भेटत नाहीत. भेटायला हवेत.

आता पॅनमनचं काम पुन्हा पाहू. पाक संपृक्ततेच्या जेमतेम वर राखायचा, असलेले दाणे वाढले पाहिजेत पण नवे जन्मता कामा नयेत. त्यासाठी बारीक वाटलेल्या साखरेचं बीज पाकात सोडतात आणि तोच दाणा वाढवत नेतात. पाक फार घट्ट झाला की खोटा दाणा उठतो, सैल झाला की आहे तोही विरघळू लागतो. या अरुंद पट्ट्यात काम होऊ शकतं, कारण बीजाच्या प्रत्येक कणावर न संपणाऱ्या पायऱ्या आधीपासून असतात. अगदी निर्दोष बीज मिळालं असतं, तर पॅन तासन्‌तास नुसता उकळत राहिला असता.

सगळेच दोष असे कामाचे नसतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असं कारखान्यात सांगतात. तो फडात किंवा यार्डात पडून राहिला, वरून ऊन लागलं, की तोडीच्या जखमेतून ल्यूकोनोस्टॉक नावाचे जीवाणू आत शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. शेतकऱ्याचं वजन घटतं आणि कारखान्याचा उतारा घटतो, याची चर्चा दर हंगामात होते. त्याची खूण दाण्यावरही उमटते, ती मात्र पॅनवरच कळते. डेक्स्ट्रानचे रेणू दाण्याच्या काही ठरावीक पृष्ठांना चिकटून बसतात आणि त्या बाजूंची वाढ रोखतात. दाणा मग उरलेल्या दिशेला वाढतो, लांबट होतो, सुईसारखा. असे दाणे सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये मळी नीट सोडत नाहीत, मशीनला वेळ लागतो. ट्रॉल्यांची रांग बाहेर किती थांबली होती, ते पॅनमनला आत काचेच्या पट्टीवर दिसतं.

घाईने वाढवलेल्या दाण्याचं दुखणं वेगळं. त्याच्या पायऱ्या एकमेकींवर चढतात, मध्ये पोकळ्या राहतात आणि त्यांत मळीचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात. मशीनमध्ये पाणी मारून दाण्याबाहेरची मळी धुता येते, आतली नाही. ती काढायची तर साखर विरघळवून पुन्हा दाणा धरावा लागतो, आणि रिफाइनरीत नेमकं तेच करतात. गोणीवर एस-३०, एम-३० असं छापलेलं असतं. अक्षर दाण्याचं माप सांगतं आणि आकडा रंगाची प्रत.

हा ऊस ज्याने तुटतो तो कोयता बरेचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा असतो. लोहार तो लाल करतो, ठोकून पातं ओढतो आणि शेवटी तापलेलं पातं पाण्यात बुडवतो. याला पाणी देणं म्हणतात. हे पाणी म्हणजे अणूंना जागेवर कोंडण्याची युक्ती आहे. लोखंड ९१२ अंशांच्या वर तापलं की त्याचे अणू अशा मांडणीत बसतात की मधल्या फटींत कार्बनचे अणू सामावू शकतात, वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत. त्याखाली लोखंडाची मांडणी बदलते आणि कार्बनला जागाच उरत नाही, टक्क्याचा पन्नासावा भागसुद्धा मुश्किलीने. पातं हळू थंड झालं तर कार्बन सावकाश बाहेर पडून वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहतं. एकदम बुडवलं तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो जिथे आहे तिथे अडकतो, भोवतालची मांडणी एका दिशेला ताणतो, आणि पातं काचेसारखं कडक होतं. कडक, म्हणून ठिसूळही. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा थोडं तापवतो आणि पृष्ठावर चढणारा पिवळट, मग तपकिरी, मग निळसर रंग पाहून कुठे थांबायचं ते ठरवतो.

कार्बन अडकल्याने पातं कडक का व्हावं, हे समजायलाही बराच काळ गेला. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल यांनी, धड्यातले फ्रेंकेल तेच, धातूच्या स्फटिकात अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागेल याचा हिशेब केला. उत्तर प्रत्यक्ष मोजमापाच्या शेकडो, कधी हजारो पट आलं. म्हणजे धातू जितके बळकट असायला हवेत त्याच्या मानाने फारच दुबळे निघाले. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी, तिघांनी स्वतंत्रपणे, कारण दाखवलं. सबंध थर एकदम सरकतच नाही. मांडणीत मध्येच अर्धवट संपलेली एक ओळ असते, तिची कड एकेक अणू ओलांडत पुढे जाते आणि धातू वाकतो. मऊ केलेल्या धातूच्या चौरस सेंटिमीटरमधून अशा दहा लाख ते दहा कोटी रेषा जातात. थंडच ठोकून कडक केलेल्या धातूत त्यांची संख्या दहा हजार कोटींच्या पुढे जाते. इतकी गर्दी झाली की त्या एकमेकींत अडकतात, हलेनाशा होतात. अडकलेला कार्बनही त्यांची वाट अडवतो. दोष मुळीच नसलेला धातू फार बळकट असतो, आणि दोष खच्चून भरलेला धातूही बळकट असतो. १९५२ मध्ये हेरिंग आणि गाल्ट यांनी कथिलाचे केसाहून बारीक, जवळजवळ निर्दोष तंतू वाकवून पाहिले, तेव्हा त्यांची ताकद फ्रेंकेल यांच्या जुन्या हिशेबाच्या जवळ गेली. पण तंतूंचा कोयता होत नाही. शेतात उपयोगी पडतो तो दुसरा मार्ग.

या सगळ्याच्या खाली जमीन आहे, आणि माझ्या मते या तालुक्यातली सर्वांत मोठी गोष्ट तीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट झिजून ही काळी माती झाली. तिच्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाइट. हा अतिशय पातळ पापुद्र्यांचा स्फटिक आहे. एकेक पापुद्रा नॅनोमीटरभर जाडीचा, वर-खाली सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जाळ्या आणि मध्ये ॲल्युमिनियमची. पापुद्रा घडत असताना काही जागांवर ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसला, काही जागांवर सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम. आकारमान जवळपास सारखं असल्याने मांडणी मोडली नाही. पण ॲल्युमिनियमवर तीन धनभार असतात आणि मॅग्नेशियमवर दोन, सिलिकॉनवर चार आणि ॲल्युमिनियमवर तीन. प्रत्येक अशा अदलाबदलीत एक धनभार कमी पडला आणि सबंध पापुद्रा ऋणभारित झाला. ही चूक खनिज घडतानाच झालेली आहे, ती आता दुरुस्त होत नाही.

तो ऋणभार भागवायला पापुद्र्यांच्या मधल्या जागेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे आयन येऊन थांबतात. ते मांडणीत पक्के बसलेले नसतात. दुसरा आयन आला की जागा सोडतात. पिकाचं मूळ हायड्रोजनचा आयन देतं आणि बदल्यात पोटॅशियम किंवा कॅल्शियम घेतं. युरियापासून तयार होणारं अमोनियम पावसाबरोबर लगेच वाहून जात नाही ते यामुळे, आणि त्याचं पुढे नायट्रेट झालं की ते ऋणभारित असल्याने निसटतं तेही यामुळे. शंभर ग्रॅम स्मेक्टाइट असे ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट आयन धरून ठेवतं. कोकणातल्या तांबड्या जमिनीत मुख्यतः केओलिनाइट असतं. त्याच्या पापुद्र्यांत अशी अदलाबदल जवळजवळ झालेलीच नाही. ते अधिक नीटनेटकं खनिज आहे आणि ३ ते १५ च्या पुढे जात नाही. कापूस, ऊस, हळद, केळी, या पट्ट्यातलं कुठलंही पीक घ्या, त्याच्या अन्नाचा मोठा साठा त्या चुकीच्या जागी बसलेल्या मॅग्नेशियममुळे जमिनीत टिकून राहतो. बारावीच्या धड्यात अपद्रव्य दोषाचं उदाहरण म्हणून स्ट्रॉन्शियम क्लोराइड मिसळलेलं मीठ देतात. वसमतच्या मुलाच्या पायाखाली काय आहे ते कुणी विचारत नाही.

याच मधल्या जागेत पाणीही शिरतं. एका ग्रॅम स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांचं पृष्ठ सातशे-आठशे चौरस मीटर भरतं, त्यामुळे ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वैशाखात वसमतच्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसाने भेग मिटते, खालची माती वर येते. घराच्या भिंती मात्र याच फुगण्याने तडकतात, म्हणून काळ्या मातीत पाया खोल नेऊन मुरूम भरायची रीत आहे. सिद्धेश्वर धरणाचं कालव्याचं पाणी या भागात आलं, ऊस वाढला, आणि जिथे पाणी मुरायला वाट नाही तिथे मधल्या जागेतलं कॅल्शियम जाऊन सोडियम येण्याचा धोकाही आला. सोडियमने पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, मातीचा चिखल होतो, हवा खेळत नाही. जिप्सम टाकायला सांगतात ते त्यातल्या कॅल्शियमने सोडियमची जागा परत घ्यावी म्हणून. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने या जमिनींतल्या खनिजांचा क्ष-किरणांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यातलं थोडं जरी मराठीत आणि शाळेत पोचलं असतं, तरी जिप्समच्या गोणीचा अर्थ घराघरात कळला असता.

हळदीचं थोडक्यात सांगतो. वसमतची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध आहे, वसमत हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे. ओली हळद शिजवतात, उन्हात वाळवतात, ढोलात पॉलिश करतात. वाळलेली कांडी खणखणीत वाजली, मोडताना कटकन मोडली की माल पक्का. हा आवाज शिजवण्यातून येतो. ओल्या कंदातलं पिष्ट बारीक कणांत असतं आणि त्या कणांत रेणू काही अंशी स्फटिकासारखे ओळीने बसलेले असतात. उकळल्यावर त्या ओळी मोडतात, पिष्ट फुगून एकजीव होतं आणि वाळताना पुन्हा ओळीत न येता तसंच गोठतं. पक्की कांडी म्हणजे एका अर्थाने काच आहे. पिवळा रंग देणाऱ्या कुर्कुमिनची गोष्ट याच्या उलट. एकच रेणू, पण तो एकाहून अधिक तऱ्हांनी रचला जातो. एक तऱ्हा १९८२ मध्ये कळली. २०११ मध्ये हैदराबाद विद्यापीठात अश्विनी नांगिया यांच्या गटाने आणखी दोन दाखवल्या, आणि त्यांतली एक पहिलीपेक्षा लवकर विरघळते. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हा औषध म्हणून त्याच्या वाटेतला मोठा अडसर आहे, म्हणून या शोधाला महत्त्व. नांगिया पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

काचेचा विषय निघाला की हिंगोली जिल्ह्यात आता लायगोकडे वळावंच लागतं. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याचं आयुका, इंदूरचं राजा रामन्ना केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा असे चौघे मिळून हे काम करत आहेत. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना आरसे, मध्ये लेझरचा प्रकाश. लहर गेली की भुजांच्या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारो भागांपैकी एका भागाएवढा असतो.

अशा आरशाला कुठलं द्रव्य घ्यायचं? पहिल्या विचारात कुणीही म्हणेल, उत्तम स्फटिक घ्या. लायगोने घेतली काच. चाळीस किलोचा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा आणि २० सेंटिमीटर जाडीचा आरसा गाळीव सिलिकाचा असतो. क्वार्ट्‌झमध्ये असतात तेच सिलिकॉन आणि ऑक्सिजन, पण दूरवर चालणारी ओळ नाही. त्याला टांगणारे ०.४ मिलिमीटरचे धागेही त्याच काचेचे. क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकात प्रकाशाची चाल दिशेप्रमाणे बदलते, काचेत सगळ्या दिशा सारख्या. शिवाय ही काच सामान्य तापमानाला विलक्षण शांत असते. थरथर फार कमी, प्रकाश गिळणं फार कमी.

अडचण आरशावरच्या लेपात आहे. प्रकाश जवळजवळ पूर्ण परतवायला सिलिका आणि टायटेनियम मिसळलेलं टँटॅलम ऑक्साइड यांचे आलटून पालटून थर देतात, सगळे मिळून काही मायक्रोमीटर जाडीचे. हे थरही अस्फटिक. ओळ नसल्याने काही अणूंच्या गटांना दोन जवळजवळ सारख्या सोयीच्या जागा मिळतात आणि उष्णतेने ते इकडून तिकडे होत राहतात. चाळीस किलोच्या आरशावरच्या त्या पातळ लेपातली ही चुळबुळ शंभर हर्ट्‌झच्या आसपास गुरुत्वीय लहरींचा आवाज झाकू पाहते. ज्या पट्ट्यात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना ऐकू येतात, नेमका तोच पट्टा.

गंमत अशी की तिथला प्रकाश मात्र एका दोषातून निघतो. लायगोच्या लेझरचा मूळ किरण १०६४ नॅनोमीटरचा असतो, यॅग नावाच्या स्फटिकातला. शुद्ध यॅग यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. तो असा प्रकाश देत नाही. त्यातल्या शंभरातल्या एखाद्या यिट्रियमच्या जागी मुद्दाम निओडिमियम बसवतात आणि तो प्रकाश देतो. काळ्या मातीत बेसॉल्ट झिजताना जे घडलं, ते इथे माणूस भट्टीत मोजूनमापून घडवतो.

आरशांच्या बाबतीत जगभर दोन वाटा चाचपल्या जात आहेत. जपानने कामिओकाच्या खाणीतल्या काग्रा वेधशाळेत २३ किलोचे नीलमाचे आरसे टांगले आणि ते उणे २५० अंशांच्या खाली थंड करायची योजना केली. नीलम थंडीत उत्तम वागतो, पण तो स्फटिक आहे. वाढताना आत राहिलेल्या ताणांमुळे आणि दोषांमुळे त्याच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा जागोजागी वेगवेगळी फिरते आणि तिथल्या शास्त्रज्ञांना त्याचा त्रास झाला आहे. दुसरी वाट गॅरेट कोल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवली. आरसा काचेचाच ठेवायचा, लेप मात्र गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या एकस्फटिकी थरांचा द्यायचा. काचेवर असा स्फटिक वाढत नाही, म्हणून तो आधी गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर थरावर थर वाढवतात, मग चकतीपासून सोडवतात आणि आरशावर चिकटवतात. चुळबुळ बरीच कमी होते. पण बाजारात मिळणाऱ्या चकत्या वीस सेंटिमीटरपर्यंतच्या आणि आरसा चौतीसचा. चकती मोठी करावी तर तिच्यातल्या डिसलोकेशनच्या रेषा वर वाढणाऱ्या प्रत्येक थरात चढतात, आणि लेपातला प्रत्येक असा ठिपका लेझरचा थोडा प्रकाश इकडेतिकडे उधळतो. साखरेच्या दाण्याला वाढू देणारी रेषा इथे नको असते, आणि ती पुरती कशी घालवायची यावर अजून काम चालू आहे.